अचौ : सरोवराचे आणि माशांचे गाव



चीन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोठी भिंत, बीजिंगचे राजवाडे आणि शांघायचे उंच इमले येतात. प्रवासाला जाणारी मंडळीही तेवढेच पाहून परततात. पण ज्याचे पोट शेतीवर आणि पाण्यावर चालते त्याने त्या देशातले एखादे लहान नदीकाठचे शहर जरूर पाहावे, असे आमचे मत झाले आहे. असे एक शहर आम्ही पाहिले. त्याचे नाव अचौ.

हुबेई प्रांताची राजधानी वुहान. तेथून आगगाडीत बसले की तासाच्या आत अचौ येते. यांग्त्से नदीच्या दक्षिण काठावर हे शहर वसले आहे. हुबेई प्रांतातला क्षेत्रफळाने सर्वांत लहान असा हा शहर-जिल्हा. सारा विस्तार सुमारे १६०० चौरस किलोमीटर आणि वस्ती दहा-अकरा लाख. चीनच्या हिशेबाने हे लहानच! पण पाणी बघाल तर जिकडे तिकडे. समोर नदी, मागे सरोवरे, मधल्या भागात मत्स्यतळी आणि भातखाचरे.

दोनदा राजधानी

गाव लहान असले तरी इतिहास मोठा आहे. इ. स. २२१ मध्ये सुन च्वान नावाच्या राजाने येथे आपली राजधानी केली आणि गावाचे नाव वूछांग ठेवले. २२९ साली त्याने येथेच स्वतःला सम्राट म्हणून जाहीर केले आणि त्याच वर्षी तो राजधानी घेऊन खाली नदीकाठच्या आजच्या नानजिंगला गेला. पुढे २६५ साली त्याचा नातू सुन हाव याने राजधानी पुन्हा येथे आणली. तेव्हा खालच्या मुलखातल्या रयतेला दरबाराचा सारा शिधा प्रवाहाच्या उलट, नदीतून वर ओढून आणावा लागे. लोक वैतागले. वूछांगचा मासा खाण्यापेक्षा आपल्या गावचे पाणी पिऊन राहिलेले बरे, अशा अर्थाची गाणी पोरेसोरे म्हणू लागली. वर्षभरात राजाला राजधानी परत न्यावी लागली. वाहतुकीचा बोजा कोणी सोसायचा, हा प्रश्न आपल्यालाच पडतो असे नाही, बरे का!

आज वूछांग हे नाव वुहान शहराच्या एका भागाला आहे. त्यामुळे वूछांगचा मासा वुहानचा, असे पुष्कळांना वाटते. त्याचे मूळ घर मात्र अचौजवळचे ल्यांगत्स सरोवर.

मासा कसा आहे?

हा मासा चपटा, उंच अंगाचा, शंकरपाळ्याच्या आकाराचा. पाण्यातले गवत आणि वनस्पती हे त्याचे मुख्य खाद्य. १९५५ साली यी बोलू या शास्त्रज्ञाने ल्यांगत्स सरोवरातल्या माशांचा अभ्यास करून ही एक वेगळी जात असल्याचे दाखवून दिले. पुढच्याच वर्षी माओ त्से-तुंग यांच्या ‘पोहणे’ या कवितेत त्याचा उल्लेख आला आणि त्याचे नाव देशभर झाले. १९६० नंतर तो तळ्यांत वाढवू लागले आणि आता चीनच्या कितीतरी प्रांतांत तो पाळला जातो.

तेथे तो अख्खाच वाफवतात. आपण मोदक उकडतो ना, तसा. वर आले, कांद्याची पात आणि सोयाचा रस. तिखट नाही, मसाला नाही. पहिला घास आम्हाला अळणी वाटला, पण नंतर चव कळली. काटे मात्र फार आहेत. बोलत बोलत खायचा मासा नव्हे!

शहराजवळ शीशान म्हणून टेकडी आहे. नदीपलीकडच्या ह्वांगचौला १०८० ते १०८४ अशी वर्षे हद्दपारीत काढणारा कवी सू दोंगपो नदी ओलांडून या टेकडीवर येत असे. सरकारी हुद्दा गेल्यावर या विद्वानाने स्वतः पडीक जमीन कसली. ‘दोंगपो’ म्हणजे पूर्वेकडचा उतार. आपल्या शेतावरून त्याने हे नाव घेतले. त्याच्या नावाची एक तळलेली खुसखुशीत पोळी टेकडीवर मिळते आणि तिच्यावर साखर पेरलेली असते. साखर दिसल्यावर आमचे हात आपोआप पुढे गेले, हे सांगायला नकोच. अचौच्या परिसरात ऊस मात्र नाही. चीनचा बहुतेक ऊस दूर दक्षिणेला क्वांगशी प्रांतात होतो.

सरोवर, बांध आणि पूर

आता मुख्य गोष्ट. हुबेईला हजार सरोवरांचा प्रांत म्हणतात. पण १९५० नंतर धान्याची गरज वाढली तसे जागोजाग बांध घालून सरोवरांचे तुकडे केले गेले. काही ठिकाणी भात लावला, काही ठिकाणी मासे सोडले. ल्यांगत्स सरोवराचेही तेच झाले. १९७० च्या दशकात बांध घालून त्याचा न्यूशान हा भाग वेगळा केला गेला. जमीन मिळाली, उत्पन्न मिळाले, पण पाण्याची जागा गेली.

पाणी आपली जागा विसरत नाही. २०१६ च्या पावसाळ्यात ल्यांगत्स सरोवर तुडुंब भरले आणि काठचे बांध फुटण्याची वेळ आली. तेव्हा १४ जुलै २०१६ रोजी सरकारने तो मधला बांध सुरुंग लावून उडविला. न्यूशानचे पाणी आणि ल्यांगत्सचे पाणी पुन्हा एक झाले. हा भाग कायमचाच सरोवराला परत देण्यात आला. जे एका पिढीने कष्टाने बांधले ते दुसऱ्या पिढीला डोळ्यांदेखत उडवावे लागले.

शहरासमोर ऐन नदीच्या पात्रात एका खडकावर सुमारे सातशे वर्षांपूर्वीचे एक देवालय उभे आहे. २०२० च्या महापुरात त्याला पाण्याने वेढले, खालचा भाग बुडाला, पण ते ढळले नाही. आम्ही ते काठावरून पाहिले. बांधणाऱ्याने नदीला अडविले नव्हते, तिला दोन्ही बाजूंनी वाट ठेवली होती.

होडी ठेवली, जाळे ठेवले

दुसरी गोष्ट नदीतल्या माशांची. अतिरेकी मासेमारी, धरणे, सांडपाणी आणि बोटींची वर्दळ यांनी यांग्त्सेचे मासे घटत गेले. नदीतली पांढरी डॉल्फिन २००६ च्या पाहणीत एकही दिसली नाही. तलवारीसारख्या लांब तोंडाचा तिथला मोठा मासा २०२२ साली कायमचा नष्ट झाल्याचे जाहीर झाले. शेवटी चीन सरकारने १ जानेवारी २०२१ पासून मुख्य नदी आणि महत्त्वाच्या उपनद्यांत दहा वर्षे मासेमारी बंद केली. माशांसाठी राखलेल्या जलक्षेत्रांत ती वर्षभर आधीच थांबविली होती. सुमारे १ लाख ११ हजार होड्या आणि २ लाख ३१ हजार कोळी यांना धंदा सोडावा लागला. त्यांना भरपाई आणि दुसऱ्या कामाचे शिक्षण देण्याची योजना आखली गेली.

काठावर भेटलेल्या एका वृद्ध कोळ्याला आम्ही दुभाष्यामार्फत विचारले, “काका, वाईट वाटतं का?” तो म्हणाला, “वाटतं. पण जाळं रिकामं यायचं तेव्हा त्याहून जास्त वाटायचं.” यावर आम्ही काय बोलणार?

या बंदीचे फळ मात्र दिसू लागले आहे. नदीतल्या लहान शिंशुकांची संख्या २०१७ च्या मोजणीत १०१२ होती, ती २०२२ मध्ये १२४९ झाली. बाजारात मिळणारा वूछांग मासा आता तळ्यातला असतो. एका तळेवाल्याला आम्ही आपला नेहमीचा प्रश्न विचारला, “भाव कोण ठरवतं?” तो हसून म्हणाला, “गाडी घेऊन येतो तो.” जिवंत मासा फार थांबत नाही, तसाच तोडलेला ऊसही थांबत नाही. भाव एकट्याच्या हातात राहत नाही, म्हणून तर आपण एकत्र आलो.

आपल्यासाठी काय?

चिनी माशांशी आपले नाते जुने आहे. आपल्या शेततळ्यांत सोडतात तो गवत्या आणि चंदेरा हे दोन्ही मासे मूळचे चीनच्या नद्यांतले. ते १९५९ साली भारतात आले. त्याआधी १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओरिसात आपल्या देशी माशांची पैदास इंजेक्शन देऊन तळ्यात करून दाखविली होती. चीनमध्ये चंदेऱ्यासाठी हेच काम १९५८ साली साधले. दोन्ही देशांचे मत्स्यबीज त्यामुळे नदीवर अवलंबून राहिले नाही. गवत्या गवत खातो, त्याच्या विष्ठेने पाण्यात शेवाळ व सूक्ष्म जीव वाढतात आणि ते चंदेरा खातो. आपण शेणखत घालून पीक घेतो, तसाच हा हिशेब आहे. ज्यांच्याकडे शेततळे आहे आणि बारमाही पाणी टिकते, त्यांनी मत्स्य विभागाचा सल्ला घेऊन याचा विचार करावा. बीज मात्र तळ्यातच राहील, ओढ्यात जाणार नाही, ही काळजी घ्यावी.

आणि दुसरे, जरा कडू. २०१९ चा कृष्णा-पंचगंगेचा महापूर कोण विसरेल? उभा ऊस किती दिवस पाण्याखाली होता! नदीच्या काठाने, ओढ्याच्या पोटात आपण किती सरकलो आहोत, हे ज्याचे त्याने आपल्या बांधावर उभे राहून पाहावे. ओढ्याची वाट नांगरून दोन सऱ्या जास्त मिळतात खऱ्या, पण पाणी आले की ते दोन सऱ्या मोजून नेत नाही. चीनसारख्या बलाढ्य सरकारलाही घेतलेले पाणी परत द्यावे लागले. आपण ओढे आणि नाले आजच मोकळे ठेवले, तर पुढच्या पिढीवर सुरुंग लावायची पाळी येणार नाही.