एक तोळ्याची गोळी

कुंभकोणमच्या रामस्वामी मंदिराच्या प्राकारात भिंतीभर रामायण चितारलेलं आहे. तंजावरच्या नायक राजांच्या काळातलं हे देऊळ. रामायण म्हटलं की जांबुवंत आलाच. कावेरीकाठच्या या भातशेतीच्या मुलखात अस्वलाची ओळख असते ती एवढीच. जिवंत अस्वल पाहायचं तर पश्चिमेला सत्यमंगलम नाहीतर मुदुमलईचं रान गाठावं लागतं. तरी मोठ्या अस्वलाला कोणतं काडतूस लागतं, या प्रश्नाचा एक धागा याच गावात सापडतो.

सारंगपाणी मंदिराजवळच्या गल्लीत श्रीनिवास रामानुजन यांचं घर आहे. एप्रिल १९१४ मध्ये ते केंब्रिजला पोहोचले ते हार्डी आणि लिटलवुड या दोघा गणितज्ञांच्या भरवशावर. चारच महिन्यांत महायुद्ध पेटलं आणि लिटलवुड तोफखान्यात दाखल झाले. काम काय, तर तोफगोळ्यांच्या मार्गांचं गणित! ऐकायला सोपं वाटतं, पण गोळा उडाला की हवा त्याला अडवते आणि हा अडसर वेगाबरोबर सरळ हिशेबाने वाढत नाही. ध्वनीच्या वेगाच्या आसपास तर तो एकदम उसळतो. त्यामुळे एका सूत्रात उत्तर मिळत नाही, मार्गाचे तुकडे पाडून हिशेब करत जावं लागतं. बंदुकीच्या गोळीलाही हाच नियम लागू.

अस्वलाच्या बाबतीत मात्र हवेपेक्षा अस्वलच मोठा अडसर. अलास्कातल्या कोडियाक बेटावरचा नर पाचशे-सहाशे किलोपर्यंत भरतो. दाट केस, खाली चरबीचा थर, मग स्नायू, मग खांद्याचं जाड हाड, आणि या सगळ्याच्या आत फुप्फुसं आणि हृदय. गोळीला तिथवर पोहोचायचं असतं.

वेगवान गोळी म्हणजे जबरदस्त गोळी, असा आपला समज. त्याला आधारही आहे, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. .२२-२५० या काडतुसाची साडेतीन ग्रॅमची गोळी सेकंदाला अकराशे मीटरने सुटते. कोल्ह्यासारख्या लहान जनावराला ती पुरे. अस्वलावर मात्र ती वरच्या थरांतच फुटून विखुरते. .३७५ हॉलंड अँड हॉलंड हे १९१२ सालचं काडतूस. त्याची गोळी साडेएकोणीस ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ७७० मीटर. वेग कमी, पण वजन साडेपाच पट आणि जाडीच्या मानाने लांबीही चांगली, म्हणून ती आत शिरत राहते. मोठ्या अस्वलाला काडतूस निवडताना मी आधी वजन पाहीन, वेग नंतर.

आता वजनाची गंमत. गोळ्यांचं वजन ‘ग्रेन’मध्ये मोजतात. अमेरिकन शिकाऱ्याच्या आवडत्या .३०-०६ काडतुसाची सर्रास वापरली जाणारी गोळी १८० ग्रेनची असते. आणि कंपनी सरकारने ठरवून दिलेला आपला तोळा? तोही बरोबर १८० ग्रेनचा! १८३५ नंतरचा चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा. म्हणजे कुंभकोणमच्या सराफाच्या तागडीत ती गोळी टाकली असती, तर दुसऱ्या पारड्यात एक रुपया ठेवून काटा स्थिर राहिला असता. .३७५ ची तीनशे ग्रेनची गोळी पावणेदोन तोळ्यांना जराशी कमी भरते.

याच गोळीची दुसरी करामत तिच्या फिरण्यात आहे. नळीच्या आत कोरलेले पीळ तिला बारा इंचांत एक गिरकी देतात. बारा इंच म्हणजे एक फूट आणि वेग सेकंदाला सुमारे २५३० फूट. तेव्हा गिरक्याही सेकंदाला २५३०! मिनिटाचा हिशेब केला तर दीड लाखाच्या वर.

शिसं मऊ, म्हणून त्यावर तांब्याचं कवच चढवतात आणि टोक उघडं ठेवतात. आत शिरल्यावर ते भूछत्रासारखं पसरतं. फार लवकर पसरलं तर खोली मिळत नाही, पसरलंच नाही तर जखम अरुंद राहते. ही कल्पना गाजली ती कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यामुळे. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात अशा गोळ्यांना बंदी केली. शिकारीत त्या राहिल्या.

काडतुसांच्या यादीवर हिंदुस्थानचा ठसा आणखीही आहे. इथल्या उन्हात जुन्या कॉर्डाइट दारूचा दाब वाढे आणि रिकामी पुंगळी नळीत अडके, म्हणून विलायती कारखाने उष्ण देशांसाठी दारू कमी भरत. १९०७ मध्ये सरकारने .४५० च्या रायफली इथे आणायला मनाई केली, कारण बंडखोरांच्या हाती असलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलींना त्या गोळ्या चालल्या असत्या. त्या मनाईला वळसा घालायला .४६५, .४७० अशी नवी मापं पुढे आली. ज्या .४७० चं नाव आफ्रिकेच्या शिकारकथांत सारखं येतं, त्याच्या भरभराटीमागे हिंदुस्थान सरकारचा हा हुकूम आहे. पुढे .३०३ हे लष्करी माप म्हणून सामान्य माणसाला बंद, त्यामुळे आपल्याकडे परवानाधारकाच्या हाती .३१५ दिसते.

आपलं अस्वल कोडियाकच्या मानाने लहान, नर फार तर दीडशे किलोच्या आतबाहेर. पण ते दहा-पंधरा पावलांवरून अंगावर येतं. शिकारी-लेखक केनेथ अँडरसनने कर्नाटकातल्या अर्सिकेरेजवळचं माणसं मारणारं अस्वल टिपलं. किमान बारा जणांचा बळी त्याच्या नावावर होता. अँडरसनची नेहमीची रायफल .४०५ विंचेस्टर, गोळी तीच तीनशे ग्रेनची. मात्र जेवढा रेटा पुढे, तेवढाच खांद्यावर. तो सोसून नेम राखता येत नसेल, तर .३७५ पेक्षा .३०-०६ बरी.

हे सारं गणितापुरतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे. माणसाच्या जिवाला धोका असला किंवा अस्वल बरं होण्यापलीकडे जायबंदी वा आजारी असलं, तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारण देऊन त्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतात. आणि अस्वलाची गाठच टाळायची, तर चंद्रपूर-गडचिरोलीकडे मोहफुलं वेचायला जाणाऱ्यांनी पहाटेच्या अंधारात एकट्याने जाऊ नये, चार जणांनी मिळून बोलत, आवाज करत जावं.