गाणारी लाख

देवळ्याच्या पेठेत सोनाराच्या दुकानासमोर कधी रेंगाळलाय का? सोन्याचा पोकळ मणी इतका पातळ असतो की बोटानं दाबला तर चेपेल. तो भरीव व्हावा म्हणून सोनारकाका आत लाख भरतात. तपकिरी कांडी ज्योतीवर धरली की मऊ होते, ओढली तर तार निघते, आणि गार झाली की पुन्हा टणक. पोस्टात पार्सलच्या गाठीवर हीच लाख लावतात. निवडणुकीत मतदान यंत्रांच्या पेट्या सीलबंद करतात, तीही हीच.

तर दोस्तांनो, ही लाख एके काळी गात होती! नुसती आपल्याकडे नाही, सगळ्या जगात. तुमच्या पणजोबांच्या तरुणपणी अमेरिकेत ज्या गाण्यांवर लाखो माणसं नाचत होती, ती गाणी आपल्या देशातल्या बोरी-पळसाच्या झाडांवरच्या लाखेत कोरलेली होती.

आधी लाख कुठून येते ते बघू. शेताच्या बांधावरची बोर तुम्ही ओळखता. फाल्गुनात लाल फुलांनी पेटलेला पळसही ओळखता. या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक अगदी बारका किडा वस्ती करतो. त्याचं शास्त्रीय नाव केरिया लॅका. अंड्यातून निघालेलं पिल्लू साधारण अर्धा मिलिमीटर. ते फांदीवर जागा शोधतं, सोंड खुपसतं आणि रस पिऊ लागतं. मादी एकदा बसली की जन्मभर तिथून हलत नाही. तिचे पायही गळून जातात. पळता येत नाही म्हटल्यावर शत्रूपासून वाचायचं कसं? ती अंगातून चिकट राळ सोडते आणि स्वतःभोवती घर बांधते. शेजारी दुसरीचं घर, तिसरीचं घर. अशी हजारो घरं एकमेकांना चिकटली की फांदीवर जाड कवच चढतं. ते खरवडलं की झाली लाख.

शेतकरी मुद्दाम या किड्यांची शेती करतात. बोर आणि पळसावर वाढते ती ‘रंगीनी’ लाख, कुसुम नावाच्या झाडावरची ती ‘कुसुमी’. झारखंड, छत्तीसगडात ही शेती मोठी, आपल्या महाराष्ट्रात गोंदिया-गडचिरोलीकडे होते. रांचीजवळ नामकुमला तर १९२४ साली खास लाखेवर संशोधन करणारी संस्थाच निघाली.

फांदीवरची लाख तशीच वापरता येत नाही. ती कुटायची, धुवायची, मग लांबलचक कापडी पिशवीत भरून भट्टीच्या आचेसमोर धरायची आणि पिशवी पिळायची. वितळलेली लाख कापडातून गाळून बाहेर येते. पुढचं काम बघण्यासारखं. कारागीर तो गरम, मऊ गोळा दोन्ही हातांत, दोन्ही पायांत आणि चक्क दातांत धरून चहूकडून ताणायचा. ताणता ताणता त्याचा कागदासारखा पातळ पापुद्रा व्हायचा. गार झाला की मोडून तुकडे करायचे. हाच चपडा. उत्तर प्रदेशातलं मिर्झापूर या कामासाठी प्रसिद्ध होतं. तिथून पोती कलकत्त्याला आणि कलकत्त्याहून बोटीनं जगभर.

आणि जगभर त्याचं काय करायचे? तबकड्या! आजीकडे किंवा जुन्या वाड्याच्या माळ्यावर जड, काळी तबकडी पाहिली असेल, हातातून पडली की टचकन फुटणारी. तिच्यात लाख साधारण पाचवा हिस्सा. बाकी दगडाची बारीक पूड, कापसाचे तंतू आणि काळा रंग यावा म्हणून काजळी. लाखेचं काम या सगळ्यांना धरून ठेवायचं. गरम केल्यावर मऊ होते आणि गार झाल्यावर दिलेला आकार सोडत नाही, सोनाराला हवा असलेला हाच गुण तबकडी बनवणाऱ्यालाही हवा होता. गरम गोळा दोन साच्यांमध्ये ठेवायचा, वरून यंत्रानं दाबायचा, गार करायचा. साच्यावरची रेघ न् रेघ लाखेवर उतरते.

त्या रेघेतच गाणं असतं. कसं ते कळायला घरातला कंगवा घ्या आणि त्याच्या दातांवरून नख ओढा. हळू ओढलं तर ‘टर्रर्र’ असा जाडा आवाज, भरकन ओढलं तर बारीक. नखाला सेकंदात जितके जास्त धक्के, तितका आवाज उंच. पेटीवर काळी एकचा सा वाजवला तर हवा सेकंदाला साधारण २७७ वेळा थरथरते. हा सूर तबकडीवर कोरायचा तर रेघेला सेकंदाला २७७ नागमोडी वळणं द्यायची. पुढे ग्रामोफोनची पिन त्या रेघेतून धावली की तीही तेवढेच झोके खाते, पिनेला जोडलेला पातळ पडदा थरथरतो, आणि कर्ण्यातून सूर बाहेर पडतो. जुन्या चावीच्या ग्रामोफोनला वीजसुद्धा लागायची नाही!

तबकडीवर गोल गोल रेघा दिसतात, किती असतील? एकच! बाहेरून आत गुंडाळत गेलेली एकच लांब रेघ. या तबकड्या मिनिटाला ७८ वेळा फिरायच्या. तीन मिनिटांचं गाणं म्हणजे २३४ फेरे. दहा इंची तबकडीवर एका फेऱ्याची सरासरी लांबी ५३ सेंटिमीटरच्या आसपास धरा आणि करा गुणाकार. जवळजवळ सव्वाशे मीटर. तुमच्या शंभर मीटरच्या शर्यतीपेक्षा लांब! कडेला पिनेखालून सेकंदाला मीटरभर रेघ सरकते, आत मध्याजवळ त्याच्या निम्मीही नाही. म्हणून आतल्या फेऱ्यांत वळणं दाटीवाटीनं बसवावी लागतात आणि गाण्याच्या शेवटाकडे आवाज किंचित बोथट होतो.

दहा इंची तबकडीत तीन, सव्वातीन मिनिटंच मावतात. त्या काळातली गाणी एवढीएवढीशी का, याचं हे उत्तर. गाण्याची लांबी कवीनं नाही, तबकडीनं ठरवली होती.

आता जाऊ अमेरिकेत. साल १९३५, ऑगस्टची २१ तारीख, लॉस एंजेलिस शहरातला पॅलोमार नावाचा नाचाचा हॉल. बेनी गुडमन हा क्लॅरिनेट वाजवणारा तरुण आपला वाद्यवृंद घेऊन आला होता. त्या रात्री नाचायला आलेली मंडळी नाच सोडून रंगमंचाभोवती गोळा झाली. स्विंग संगीताचा काळ त्या रात्री सुरू झाला असं पुष्कळजण मानतात. पण स्विंग काही त्या रात्री जन्मलं नव्हतं. ते आधीपासून घडवत होते अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक. ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, फ्लेचर हेंडरसन ही त्यांतली थोर नावं. गुडमनच्या वाद्यवृंदासाठी कोणी काय वाजवायचं हे लिहून देणाऱ्यांत हा हेंडरसनच होता. ज्या हॉटेलांत या कृष्णवर्णीय वादकांचं संगीत वाजे, त्यांतल्या कित्येक ठिकाणी त्यांना पाहुणा म्हणून राहता येत नसे. ही गोष्ट मला फार लागते, म्हणून मुद्दाम सांगतो.

स्विंगची गंमत तालात आहे. उभे राहा आणि जागच्या जागी पावलं टाका, डावा, उजवा, डावा, उजवा. प्रत्येक पावलाला ‘टा-क’ म्हणा. आधी ‘टा’ आणि ‘क’ सारख्या अंतरानं. झालं? आता ‘टा’ लांबवा आणि ‘क’ पुढच्या पावलाच्या अगदी आधी, घाईघाईनं म्हणा. टाऽऽक टाऽऽक टाऽऽक. अंग आपोआप झुललं ना? पहिला भाग दुसऱ्याच्या साधारण दुप्पट लांब, हाच स्विंगचा झोका. गाणं जलद झालं की हा फरक कमी होत जातो. वादक गणित करत नाहीत, ते एकमेकांकडे कान देऊन वाजवतात.

असा झोका बारा-पंधरा जण मिळून देतात. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, शिवाय पियानो, गिटार, मोठं बेस आणि ड्रम. तीन मिनिटांत हे सगळं मावायचं कसं? गुडमनच्या वाद्यवृंदानं १९३७ साली ‘सिंग, सिंग, सिंग’ ध्वनिमुद्रित केलं ते जवळजवळ नऊ मिनिटांचं झालं. मग ते बारा इंची तबकडीच्या दोन्ही बाजूंवर विभागावं लागलं. ऐकणाऱ्यानं मध्येच उठून तबकडी उलटायची!

ग्लेन मिलर हा दुसरा गाजलेला वाद्यवृंदवाला. आगगाडीच्या प्रवासावरचं त्याचं ‘चॅटनूगा चू चू’ १९४१ साली आलं आणि बघता बघता त्याच्या १२ लाख तबकड्या खपल्या. कंपनीनं १० फेब्रुवारी १९४२ रोजी मिलरला सोनेरी मुलामा दिलेली तबकडी भेट दिली. जगातली ही पहिली ‘गोल्ड रेकॉर्ड’.

या १२ लाख तबकड्यांना लाख किती लागली असेल? एका तबकडीला अंदाजे ४० ग्रॅम धरू. १२ लाख गुणिले ४० म्हणजे ४८,००० किलो, अर्थात ४८० क्विंटल. कांद्याच्या बाजारात वाढलेल्या देवळ्याच्या मुलांना क्विंटल काय ते समजावून सांगायला नको. एका ट्रॉलीत पंचवीस क्विंटल कांदा धरला, तर उमराण्याच्या बाजार समितीत ओळीनं लागलेल्या एकोणीस-वीस ट्रॉल्या. एवढी लाख, एका गाण्यापायी! आणि तिचा कण न् कण त्या अर्ध्या मिलिमीटरच्या किड्यांच्या वंशानं बनवलेला.

तेवढ्यात अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. समुद्रावर बोटी बुडू लागल्या, लाख अमेरिकेपर्यंत पोचेना. जी पोचत होती तिची सैन्याला गरज होती. १९४२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सरकारनं हुकूम काढला की तबकड्यांसाठी लाखेचा वापर ७० टक्क्यांनी कमी करा. मग कंपन्या लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून, त्या वितळवून नव्या बनवू लागल्या. एका गाण्याच्या अंगात दुसरं गाणं! सैनिकांसाठी मात्र न फुटणाऱ्या प्लास्टिकच्या तबकड्या निघाल्या. १९४८ साली विनाइलची लांब वाजणारी तबकडी बाजारात आली आणि लाखेची सद्दी तिथून उतरणीला लागली.

मिलरला ते पाहायला मिळालं नाही. १५ डिसेंबर १९४४ रोजी तो विमानानं इंग्लंडहून फ्रान्सला निघाला, आणि ते विमान पुन्हा कोणाला दिसलं नाही.

स्विंग मात्र मुंबईत आधीच पोचलं होतं. १९३५ सालीच लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पुढे टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आला. त्यांच्या सोबतीनं शिकले आपले गोव्याचे वादक. गोव्यात चर्चच्या शाळांमधून लहानपणीच सुरांची लिपी शिकवत, त्यामुळे ही मुलं कागदावरचं संगीत वर्तमानपत्रासारखं वाचायची. हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ त्यांतलेच. ट्रम्पेट वाजवावा त्यांनी! लोक त्यांना ‘चिक चॉकलेट’ म्हणत.

आता मनमाडला या. तिथून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेवर, गोदावरीकाठी पुणतांबं लागतं. या गावात १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर जन्मले. तुमच्या देवळ्यापासून हे काही फार लांब नाही. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रीय गाणं शिकलेला हा मुलगा पुढे सिनेसंगीतकार सी. रामचंद्र म्हणून देशाला माहीत झाला. संगीतकार पेटीवर चाल बांधायचा, आणि गोव्याचे वादक ती लिपीत उतरवून वाद्यांत वाटून द्यायचे. ट्रम्पेटला हे, सॅक्सोफोनला ते. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटाची गाणी सी. रामचंद्रांनी अशी बांधली की थिएटरात लोक उठून नाचले. नायक आणि दिग्दर्शक आपले भगवानदादा, आणि चिक चॉकलेट आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतात. तुमच्या आजोबांना ‘अलबेला’ म्हणून विचारा आणि त्यांचे पाय बघा.

ती गाणी इथे खेडोपाडी पोचली ती पुन्हा लाखेवरूनच, कारण आपल्या देशात लाखेच्या तबकड्या त्यानंतरही कितीतरी वर्षं निघत होत्या. मग ती लग्नाच्या बँडवाल्यांनी उचलली. उचलायला सोपी, कारण क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट त्यांच्या हातात होतेच.

घरात अशी तबकडी सापडली, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. स्पिरिट किंवा सॅनिटायझरनं ती कधीही पुसू नका. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो. म्हणून तर सुतार तो स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला पॉलिश करतात. तबकडीवर तो प्रयोग केला तर गाणंच पुसलं जाईल. कोरड्या मऊ फडक्यानं रेघेच्या दिशेनं, गोल गोल पुसा, आणि पुस्तकासारखी उभी ठेवा. एकीवर एक रचल्या तर खालची तडकते.

फुटलेली असेल तर उत्तमच, तुकडा उन्हात तिरका धरा आणि चांगलं भिंग लावा. काही ठिकाणी रेघ जवळजवळ सरळ दिसेल, तिथे आवाज हळू होता. जिथे ती जोरात वळवळलेली दिसेल, तिथे सगळे वादक एकदम तुटून पडले होते. जे दिसेल त्याचं पेन्सिलीनं चित्र काढा आणि आम्हाला पाठवा.