श्वास हवेतला, जन्म वाळूतला : समुद्री कासवाची गोष्ट

मुलांनो, एक कोडं घालतो. राहतं समुद्रात, पण श्वास घेतं हवेत. पोहतं हजारो किलोमीटर, पण अंडी घालायला यावं लागतं जमिनीवर. तोंडात एकही दात नाही, तरी खेकडे फोडून खातं. ओळखा पाहू कोण?

बरोबर, समुद्री कासव! जगात समुद्री कासवांच्या ७ जाती आहेत. त्यांपैकी ५ भारताच्या समुद्रात आढळतात. आपल्या रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतं ते मुख्यतः ऑलिव्ह रिडले. पाठीचा रंग ऑलिव्ह फळासारखा हिरवट, म्हणून हे नाव. समुद्री कासवांमध्ये ही लहान जात, तरी वजन साधारण ३५ ते ५० किलो भरतं. म्हणजे आठवी-नववीतल्या मुलाएवढं!

विहिरीतलं कासव घाबरलं की डोकं आणि पाय कवचात ओढून घेतं, हे तुम्ही पाहिलं असेल. समुद्री कासवाला ते जमत नाही. त्याचे पाय वल्ह्यासारखे चपटे आणि लांब असतात. पोहायला ते फार छान, पण लपायला निरुपयोगी.

आई येते रात्री

साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्रीच्या अंधारात पुळणीवर येते. मागच्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा करते आणि त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. अंडं टेबल टेनिसच्या चेंडूएवढं असतं, पण कवच कडक नसून चामड्यासारखं मऊ. मग वाळू सारून, खड्डा बुजवून ती समुद्रात परत जाते. पिल्लांना ती पुन्हा कधी भेटत नाही.

अंडी घालताना तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. लोकांना वाटतं, बिचारी रडतेय. खरं तर समुद्राचं पाणी पिऊन शरीरात साठलेलं जास्तीचं मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून असं बाहेर पडत असतं.

मुलगा की मुलगी, हे वाळू ठरवते

अंडी उबवते ती वाळूची ऊब. साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्लं बाहेर येतात. वाळू जास्त तापलेली असेल तर माद्या जास्त निघतात, थोडी थंड असेल तर नर जास्त. म्हणूनच हवामान तापत चाललं की शास्त्रज्ञांना काळजी वाटते. सगळ्या माद्याच जन्मल्या तर पुढे काय?

पिल्लू बाहेर आलं की जिकडे उजेड तिकडे धावतं. रात्री मोकळ्या किनाऱ्यावर समुद्राची बाजूच उजळ दिसते, म्हणून ते बरोबर पाण्याकडे जातं. पण मागे हॉटेलचे दिवे असतील तर ते उलट्या दिशेला जातं, आणि मग कुत्रे, कावळे, खेकडे त्याला सोडत नाहीत. हजार पिल्लांतून एखादंच मोठं होतं असं म्हणतात.

ओडिशाहून गुहागरला

जी जगतात ती किती फिरतात ते ऐका. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पायाला नंबर असलेली धातूची पट्टी लावली होती. तीच मादी जानेवारी २०२५ मध्ये थेट आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली! समुद्रमार्गे हे अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावर येणारं कासव अरबी समुद्राच्या किनाऱ्यावरही अंडी घालू शकतं, हे तिने दाखवून दिलं.

जाळ्यात कासव आलं तर?

आता मोठ्यांनीही वाचा. कासवाला माशासारखे कल्ले नसतात, फुप्फुसं असतात. जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिलं तर ते चक्क बुडून मरतं. आपल्यापैकी कितीतरी घरांत अब्बू, चाचा, मामू होडीवर जातात. त्यांना हे जरूर वाचून दाखवा :

– वर ओढलेलं कासव हलत नसेल तर मेलं असं समजून फेकू नका. ते बेशुद्ध असू शकतं. पोट खाली ठेवून मागची बाजू वीतभर उंच करा, सावलीत ठेवा, अंगावर ओला कपडा टाका. काही तासांनी ते शुद्धीवर येऊ शकतं.

– जाळं कापावं लागलं तर नुकसान होतं, हे खरं. त्यासाठी २०१८ पासून महाराष्ट्रात भरपाईची योजना आहे. कमाल २५,००० रुपये मिळतात. कासव सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ मात्र लागतो.

– वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे कासव मारणं, पकडणं किंवा अंडी उचलणं हा गुन्हा आहे.

आणि मुलांनो, तुमचं काम सोपं आहे. फजरनंतर फिरायला गेलात आणि पुळणीवर ट्रॅक्टरच्या चाकासारखी रुंद खूण दिसली, तर ती कासवाची असू शकते. तिथे उकरू नका. काही तासांनंतर अंडं नुसतं उलटं झालं तरी आतलं पिल्लू मरू शकतं. गावातल्या कासवमित्राला सांगा किंवा वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. वेळास, आंजर्ले अशा गावांत कासवमित्र ही अंडी कुंपणात सुरक्षित ठेवतात आणि पिल्लं निघाली की समुद्रात सोडतात.

किनाऱ्यावर प्लास्टिकची पिशवीही टाकू नका. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते आणि ते ती गिळतं.

या मोसमात अम्मी-अब्बूंसोबत पिल्लं सोडताना पाहायला जा. तळहातावर मावेल एवढा तो जीव लाटेकडे कसा धावतो, ते एकदा पाहाच.