बालकांचे प्रश्न आणि शिक्षकांचे मौन

वर्गातील एका मुलीला दोन आया आहेत असे कळताच पाच-सहा वर्षांचे मूल शिक्षिकेस विचारते : ‘मग तिचे बाबा कुठे आहेत?’ या प्रश्नाचे स्वरूप न ओळखल्यामुळे ब्रिटनमधील शाळांत काय घडले, याचा थोडक्यात परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

हा प्रश्न मूलतः वर्गीकरणाचा आहे. आपले लिंग कायम राहते ही जाणीव मुलाच्या ठिकाणी सहा-सात वर्षांच्या सुमारास स्थिर होते, असे लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९६६ मध्ये प्रतिपादन केले. तत्पूर्वी, पोशाख बदलला की मुलीचा मुलगा होतो, असेही त्यास वाटू शकते. ‘लांब केसांचा हा मुलगा कसा?’ असे विचारणारे मूल बहुधा थट्टा करीत नसते. आपल्या मनातील रकाने ते नीट लावू पाहते. मावशी, आत्या, मामी, काकू यांतील भेद शिकणारे मराठी मूल ‘ही माझी कोण?’ असे किती चिकाटीने विचारते! उत्तरही त्याच पातळीवरचे हवे : ‘तिला दोघी आया आहेत, त्या दोघी तिला वाढवितात.’ यात लैंगिक व्यवहाराचा उल्लेख येत नाही. ‘आई-बाबा’ म्हणतानाही तो येत नाही.

ब्रिटिश कायद्याने नेमकी येथेच गल्लत केली. आपल्या पित्याजवळ व त्याच्या जोडीदाराजवळ राहणाऱ्या जेनी या मुलीचे एक साधे डॅनिश चित्रपुस्तक १९८३ मध्ये इंग्रजीत आले. त्यावरून पुढे मोठे वादळ उठले, आणि १९८८ च्या स्थानिक शासन कायद्यात अठ्ठाविसावे कलम आले. समलिंगी कुटुंबास त्यात ‘कुटुंबाचा आभास’ अशा अर्थाचे विशेषण लावले होते. बंधन होते ते स्थानिक शासनसंस्थांवर; वर्गातील वस्तुनिष्ठ चर्चेस त्याची आडकाठी नाही, असे त्याच वर्षीच्या सरकारी परिपत्रकानेही सांगितले. तरीही अनेक शिक्षकांनी बोलणेच सोडले. माझ्या मते त्या कलमाचा खरा अंमल न्यायालयात नव्हे, तर शिक्षकांच्या या धास्तीतून झाला.

स्कॉटलंडमध्ये २००० साली, इंग्लंड-वेल्समध्ये २००३ साली ते रद्द झाले. इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत नातेसंबंधांचे शिक्षण सप्टेंबर २०२० पासून सक्तीचे झाले. त्याआधी २०१९ मध्ये बर्मिंगहॅम येथे काही पालकांनी शाळेबाहेर निदर्शने केली होती. मुलांचे वय लहान आहे, ही त्यांची एक हरकत तुच्छतेने झिडकारण्याजोगी नाही. काय सांगितले जाणार, हे पालकांस आधी कळविणे उचितच होय. परंतु जिच्या घराविषयी प्रश्न निघाला, ती मुलगीही त्याच वर्गात बसलेली असते, आणि शिक्षिका काय उत्तर देते इकडे तिचे लक्ष असते.