बिल्ड नेमका कुठे अडतो?

अँड्रॉइडचा सगळा सोर्स कोड ६ कोअरच्या मशीनवर बिल्ड करायला साधारण ६ तास लागतात. गूगलच्या ७२ कोअरच्या मशीनवर हेच काम सुमारे ४० मिनिटांत होते. आकडे अँड्रॉइडच्या अधिकृत दस्तऐवजातले आहेत. कोअर बारापट झाले, वेग वाढला तो नऊपटच.

हे असे होणार, हे जीन अॅमडाल यांनी १९६७ सालीच दाखवून दिले होते. कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो कितीही प्रोसेसर लावले तरी आटत नाही. हजारो फाइली एकाच वेळी कंपाइल करता येतात. शेवटी लिंकर सगळे तुकडे जोडायला बसला, की बरेचसे कोअर रिकामे राहतात.

म्हणून बिल्ड रखडला, तर मोठ्या प्रोसेसरची मागणी करण्याआधी काम कशासाठी खोळंबले आहे ते पाहायला हवे. लिनक्सवरचा लोड अॅव्हरेज इथे हमखास चकवतो, कारण डिस्कची वाट पाहणाऱ्या प्रक्रियाही त्यात धरलेल्या असतात. फेसबुकच्या अभियंत्यांनी घडवलेली आणि २०१८ च्या अखेरीस कर्नल ४.२० मध्ये आलेली ‘प्रेशर स्टॉल इन्फॉर्मेशन’ ही सोय फार उपयोगाची आहे. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपैकी कशापायी किती टक्के वेळ कामे थांबून होती, हे ती वेगवेगळे सांगते.

डिस्कचा घोळ तर सहजी लक्षात येत नाही. अॅमेझॉनच्या क्लाउडवरची जुनी ‘जीपी२’ डिस्क घ्या. तिला दर जीबीमागे सेकंदाला ३ वाचन-लेखने मिळतात; म्हणजे १०० जीबीच्या डिस्कला ३००. साठलेल्या क्रेडिटवर ती ३,००० पर्यंत धावते, पण ५४ लाखांची पूर्ण शिल्लकही सलग कामात अर्ध्या तासाच्या आसपास संपते आणि वेग एकदम दहापट घसरतो. सकाळचा पहिला बिल्ड झपाट्याने होतो, गर्दीच्या वेळचा रेंगाळतो, कोड मात्र तोच! २०२० च्या अखेरीस आलेल्या ‘जीपी३’मध्ये लहान डिस्कलाही ३,००० चा वेग कायम मिळतो. अशा ठिकाणी कोअर वाढवणे म्हणजे निव्वळ पैसा वाया घालवणे.

डिप्लॉयमेंटमध्ये नेटवर्कही मोजावे लागते. एक गिगाबिटच्या जोडणीवरून २ जीबीची कंटेनर इमेज उतरायला किमान १६ सेकंद लागतातच. पुढे जीझिपने दाबलेला एकच अवजड थर उलगडताना सहसा एकाच कोअरवर सगळा भार येतो.

कधी दोष हार्डवेअरचा नसतोच. २०१७ साली क्रोमवर काम करणारे ब्रूस डॉसन यांच्या २४ कोअर, ६४ जीबी मेमरीच्या मशीनवर बिल्ड चालू असताना माउससुद्धा हलेना, आणि प्रोसेसर तर निम्मा रिकामा! त्यांनी ट्रेस काढून माग घेतला. प्रत्येक प्रक्रिया बंद होताना विंडोज १० एक कुलूप धरून ठेवत होते, त्यामुळे बंद होणाऱ्या प्रक्रियांची रांग लागत होती. विंडोज ७ वर तसे होत नव्हते.