कयाक नौकेचे कडेवरील वळण

कयाक नौकेचे कडेवरील वळण : लांब व अरुंद समुद्री कयाक एका बाजूस कलती करून तिची दिशा बदलण्याचे तंत्र. कयाक ही मूळची आर्क्टिक प्रदेशातील इन्यूइट लोकांची शिकारीची नौका. लाकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवीत. आधुनिक समुद्री कयाक सु. ५ मी. लांब व ५५ ते ६० सेंमी. रुंद असून ती दुहेरी पात्याच्या वल्ह्याने चालवितात.

लांबीमुळे ही नौका सरळ रेषेत उत्तम जाते. परंतु त्याच कारणाने ती सहजी वळत नाही. सपाट स्थितीत तिची दोन्ही टोके पाण्यात रुतलेली असून बाजूस सरकण्यास विरोध करतात. नौका कलती केली असता टोके काहीशी उचलली जातात आणि हा विरोध घटतो. शिवाय बुडालेल्या बाजूची पाण्याला भिडणारी रेषा अधिक वक्र होते. त्यामुळे चालती नौका कललेल्या बाजूच्या विरुद्ध दिशेस वळू लागते. उजवी कड बुडविल्यास ती डावीकडे वळते.

उजवी कड बुडविताना नाविक उजव्या नितंबावर भार देतो व डावा गुडघा नौकेच्या वरच्या पृष्ठभागास आतून टेकवून ती बाजू उचलतो. कमरेखालचा भाग नौकेबरोबर कलतो. धड व मस्तक मात्र उभेच राहतात. त्यामुळे तोल टिकतो. धडच बाहेर झुकविल्यास नौका उलटण्याचा धोका असतो. त्याच वेळी उजव्या बाजूस वल्ह्याचे पाते पुढील टोकापासून मागील टोकापर्यंत रुंद अर्धवर्तुळात फिरविल्यास वळण अधिक जलद होते.

या तंत्राची खरी कसोटी वाऱ्यात लागते. बाजूने वारा असता चालत्या नौकेचे पुढील टोक पाण्याच्या दाबाने जखडलेले, तर मागील टोक मोकळे असते. वारा मागील टोक ढकलतो आणि नौका वाऱ्याकडे तोंड फिरवू लागते. केवळ एका बाजूने जोरात वल्हवून हे रोखणारा नाविक लवकर थकतो. वाऱ्याकडील कड किंचित बुडवून ठेवल्यास नौका थोड्या श्रमात इष्ट दिशेस राहते.

अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यास समुद्रकिनारा नसला, तरी तेथील जलाशयांतही हीच तत्त्वे लागू पडतात. प्रवरा नदीवरील विल्सन धरणाचा (१९२६) भंडारदरा येथील जलाशय डोंगरांनी वेढलेला आहे. याउलट शेवगाव व नेवासे तालुक्यांत पसरलेला जायकवाडीचा नाथसागर सु. ५५ किमी. लांब व उथळ आहे. वाऱ्याला पाण्यावरून जितके मोकळे अंतर मिळते, तितक्या लाटा मोठ्या होतात. म्हणून विस्तृत पाण्यावर नौका वळवून किनारा गाठता येणे हे कौशल्यापेक्षा सुरक्षिततेचे साधन ठरते. त्याचा सराव प्रथम निवाऱ्याच्या, उथळ पाण्यात, तरंगजाकीट घालून व सोबत्यासह करणे आवश्यक असते.