कल्पित जगाचे नियम आणि त्यातील स्त्रिया

कल्पनारम्य भूमिकाखेळ म्हणजे असा खेळ, ज्यात काही जण टेबलाभोवती बसून एकेका काल्पनिक पात्राची भूमिका घेतात, त्यांच्यातील एक जण सूत्रधार होऊन जगाचे वर्णन करतो, आणि पात्राचा प्रयत्न साधला की फसला याचा निवाडा फासे व नियमपुस्तक मिळून करतात. या प्रकाराचा पाया घालणारा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकन रचनाकारांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. सैन्याच्या छोट्या प्रतिकृती मांडून लढाया खेळणाऱ्या, बहुतांशी पुरुषांच्याच मंडळांतून तो जन्मला होता आणि त्यातील योद्ध्याच्या वर्गाचे नावही ‘फायटिंग मॅन’ असे होते. स्त्रिया मात्र या वर्तुळात अगदीच नव्हत्या असे नाही. १९७५ पासून चाहत्यांच्या लेखनाला व्यासपीठ देणारे ‘अलारम्स अँड एक्सकर्शन्स’ हे नियतकालिक लॉस एंजेलिसहून ली गोल्ड यांनीच चालवले.

कादंबरीतील एखादे पात्र स्त्रियांना कमी लेखत असेल, तर तो त्या पात्राचा पूर्वग्रह ठरतो आणि कथानक त्याला खोटेही पाडू शकते. खेळात तोच पूर्वग्रह नियमात उतरला की तो त्या जगाचा निसर्गनियम होतो. १९७८ च्या खेळाडूंच्या नियमपुस्तकात नेमके हेच घडले. पात्राचे बळ फाशांनी ३ ते १८ या श्रेणीत ठरे, आणि १८ गाठणाऱ्या योद्ध्यासाठी त्यापुढे शंभर पायऱ्यांची आणखी एक श्रेणी असे. मानवी पुरुषाला ती शंभरपर्यंत खुली होती, मानवी स्त्रीला पन्नासपर्यंतच, तर हाफलिंग या बुटक्या वंशातील स्त्रीचे बळ १४ वर अडत असे. त्यापूर्वी १९७६ मध्ये ‘द ड्रॅगन’ मासिकातील एका लेखाने स्त्रीपात्रांसाठी व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाऐवजी ‘सौंदर्य’ हा गुण आणि पुरुषांना भुरळ घालणारे मंत्र सुचवले होते. १९७९ च्या सूत्रधार-पुस्तकात, नगरात अचानक कोण भेटेल हे ठरवणाऱ्या तक्त्याला वेश्यांच्या प्रकारांचा एक स्वतंत्र उपतक्ता जोडलेला होता. नगरातील इतर कष्टकरी स्त्रियांच्या वाट्याला एवढी बारकाई आली नाही.

अशा नियमांचे समर्थन बहुधा मध्ययुगीन वास्तवाच्या नावाने केले जाते. परंतु ज्या जगात मृत माणूस मंत्राने उठून बसतो आणि मुरलेला योद्धा ड्रॅगनच्या ज्वाळा अंगावर झेलूनही उभा राहतो, तेथे शरीरशास्त्राची आठवण केवळ स्त्रीच्या दंडाशी येऊन व्हावी, हे वास्तवप्रेम फारच निवडक म्हटले पाहिजे. शिवाय मध्ययुगीन युरोपात मठांचा कारभार पाहणाऱ्या किंवा पतीमागे धंदा सांभाळणाऱ्या स्त्रियाही होत्याच.

बळाची ही मर्यादा १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत वगळली गेली, आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने तर पात्राला स्त्री-पुरुष या दोनच चौकटींत बसवण्याची गरज नाही असे स्पष्टपणे नमूद केले. नियम असे एका आवृत्तीत पुसता येतात. जगाच्या वर्णनात मुरलेल्या कल्पना मात्र अधिक चिवट असतात. ड्राऊ हा भूगर्भात राहणारा एल्फ वंश याचे ठळक उदाहरण आहे. १९७८ च्या साहसकथांतून पुढे आलेल्या या समाजात लोल्थ या कोळी-देवतेच्या पुजारिणींची सत्ता चालते, पुरुष दुय्यम असतात, आणि कट, छळ व नरबळी हा नित्यक्रम असतो. स्त्रीसत्ता दिसते, पण ती राक्षसी रूपात, त्यातच आर. ए. साल्वातोरे यांच्या कादंबऱ्यांनी लोकप्रिय केलेला या वंशातील सज्जन नायक ड्रिझ्ट हा त्या सत्तेतून निसटलेला पुरुष आहे.

म्हणून विषमता असलेले जग रचूच नये, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. अन्यायाशी झुंजणे हेच काही खेळाडूंना हवे असते आणि त्यातून उत्तम कथा घडतात. अडचण तेव्हा येते, जेव्हा टेबलाशी बसलेल्या एकाच खेळाडूला प्रत्येक दरबारात आपला प्रवेश सिद्ध करावा लागतो आणि बाकीच्यांची साहसे विनासायास सुरू होतात. त्यामुळे कोणते विषय खेळात आणायचे आणि कोणते टाळायचे हे खेळापूर्वीच्या बैठकीत ठरवण्याची पद्धत आता बरीच रूढ झाली आहे. ड्राऊंच्या बाबतीत प्रकाशकांनी २०२१ मध्ये वेगळी वाट धरली: लोल्थला न मानणाऱ्या ड्राऊंच्या दोन नव्या संस्कृती त्यांनी जगात आणल्या, आणि पुजारिणींच्या सत्तेखालील जुना समाज मात्र होता तसाच राहू दिला.